सात हजारांची विडी

भेट म्हणून आलेल्या वस्तूची किंमत विचारू नये असा एक शिष्टाचार आहे. तो ज्याने घालून दिला त्याला मेहुणा नसावा. आमचे मेहुणे विनायकराव जी वस्तू आणतात तिची किंमत कुणाला विचारावीच लागत नाही. ती वस्तूच्या आधी घरात शिरते. मागच्या भाऊबिजेला ते आले, पाटावर बसले, ओवाळून घेतले, बहिणीच्या तबकात जरीची साडी ठेवली, आणि मग खिशातून एक लांबट नळकांडे काढून त्यांनी माझ्यापुढे धरले.

"भाऊजी, ही खास तुमच्यासाठी. सात हजारांची आहे. जरा जपून."

नळकांड्यात एक सिगार होती. पुडा नव्हे, पेटी नव्हे, एक. तपकिरी, तुकतुकीत, अंगठ्याहून थोडी जाड, कमरेला काळा-पिवळा कागदी पट्टा बांधलेली. पट्ट्यावर 'कोहिबा' हे नाव. विनायकराव एका मोठ्या कंपनीत आहेत, वर्षातून सहा महिने विमानात असतात, आणि परतीच्या वाटेवर विमानतळावरच्या दुकानांतून आमच्यासाठी काहीबाही घेऊन येतात. माणूस मनाचा उदार आहे. फक्त औदार्याला आकडा जोडल्याशिवाय त्यांना ते पुरे झाल्यासारखे वाटत नाही.

"पण मी ओढत नाही," मी म्हणालो.

"साहित्यिक मंडळी ओढतात ना सिगार? तुम्ही साहित्य शिकवता, तेव्हा म्हटलं..."

मराठी साहित्यिकाला सिगार परवडली असती तर दिवाळी अंकांचे संपादक कधीच उघडे पडले असते, हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. पण भाऊबिजेचा दिवस. मी ते गिळले. आमच्या सौभाग्यवतींना मात्र गिळणे जमले नाही. "सात हजार? आणि ते जाळायचे?" तिने विचारले. 'पैसे जाळणे' हा वाक्प्रचार मी गेली अठरा वर्षे वर्गात शिकवतो आहे. त्याचा वाच्यार्थ कधी माझ्याच घरात टेबलावर येऊन पडेल, असे मला वाटले नव्हते.

सिगार ठेवावी कुठे, हा पुढचा प्रश्न. ती म्हणे कोरड्या हवेत तडकते. शेकडा पासष्ट ते सत्तर टक्के दमटपणा तिला लागतो, आणि त्यासाठी लाकडाच्या खास पेट्या मिळतात. त्या पेट्यांची किंमत विनायकरावांनी सांगितली. ती मी इथे लिहीत नाही, कारण हा अंक घरातली वडीलधारी माणसेही वाचतात. शेवटी हिने ती एका स्टीलच्या डब्यात ठेवली, शेजारी ओल्या फडक्याची घडी ठेवली, आणि डबा फराळाच्या कपाटात सरकवला. चार दिवसांनी पाहुण्यांनी अनारसा तोंडात घातला आणि विचारले, "यात काही वेगळं घातलंय का?" तेव्हापासून डबा माझ्या पुस्तकांच्या कपाटात आला.

एवढ्यावर गोष्ट संपायची. पण मास्तरकीचा दोष असा की, घरात आलेली कोणतीही वस्तू अभ्यासाचा विषय होऊन बसते. एका सिगारेला सात हजार रुपये पडावेत, इतके तिच्यात असते तरी काय? मी वाचू लागलो.

प्रथम हाती लागला तो मार्क ट्वेन. हा अमेरिकन विनोदकार स्वतः स्वस्तातल्या, इतरांना जवळ बसू न देणाऱ्या सिगारी ओढण्याबद्दल बदनाम होता. त्याच्या एका मित्राला उंची सिगारींचा शौक. ट्वेनने एकदा बारा मित्रांना जेवायला बोलावले आणि त्यापूर्वी त्या शौकीन मित्राच्या घरून त्याच्या सर्वांत महागड्या, चाळीस सेंटला एक पडणाऱ्या सिगारी मूठ-दोन मुठी लांबवल्या. त्यांवरचे तांबडे-सोनेरी पट्टे काढून टाकले आणि त्या आपल्या कुप्रसिद्ध खोक्यात भरून ठेवल्या. जेवणानंतर खोके फिरले. मंडळींनी बिचाऱ्यांनी भिडेखातर एकेक पेटवली, थोडा वेळ गंभीर चेहऱ्याने सोसली, आणि काहीतरी निमित्ते सांगून सगळे पसार झाले. सकाळी ट्वेन पाहतो तो घराच्या दारापासून फाटकापर्यंत सिगारी पडलेल्या! एकच तेवढी बशीत होती, आणि ती होती खुद्द त्या शौकीन मित्राची. त्यालाही दोन झुरक्यांपलीकडे आपलीच सिगार सोसली नव्हती.

ही गोष्ट मी दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत सांगितली आणि विजयी मुद्रेने म्हणालो, "म्हणजे सात हजारांतले सहा हजार नऊशे रुपये त्या कागदी पट्ट्याचे!" अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मान डोलावली. तेवढ्याने माझे समाधान व्हायला हवे होते. पण चार पुस्तके आणखी वाचली आणि पंचाईत झाली. सिगार इतकी सहजासहजी निकालात निघेना.

क्यूबा बेटाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे आणि त्यात व्हुएल्ता आबाहो नावाचा भाग. तांबड्या मातीचा. तिथल्या तंबाखूला जगात तोड नाही असे जाणकार मानतात. सिगारेचे बाहेरचे पान निर्दोष हवे, म्हणून त्याची रोपे कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. ऊन थेट अंगावर पडू देत नाहीत. आत भरायची पाने मात्र उघड्या उन्हातली. एकाच रोपाच्या तळाची पाने चांगली जळतात, मधली सुगंध देतात, शेंड्याची कडक असतात; तिन्हींचे प्रमाण जमले की चव जमते. एकेक पान हाताने खुडायचे, काठ्यांवर टांगून दीड-दोन महिने वाळवायचे, मग ढीग लावून आंबवायचे, मग पुन्हा ठेवून द्यायचे. शेंड्याची पाने तर दोन-दोन वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ नुसती मुरत पडतात. कोहिबात जाणाऱ्या काही पानांना पिपांत घालून तिसऱ्यांदा आंबवतात. आपल्याकडे लोणचे आणि मोरावळा यांच्याखेरीज कुठल्या वस्तूचे इतके लाड होत असतील असे मला वाटत नाही.

आणि एवढे झाल्यावर सगळे येते ते एका माणसाच्या हातात. लाकडी पाट, अर्धगोल पातीची सुरी, थोडासा डिंक. बाकी सारे बोटांनी. आतली पाने अशी दुमडायची की मधून हवा खेळली पाहिजे. घट्ट झाली तर सिगार ओढली जात नाही, सैल झाली तर भरभर जळते. त्यावर बांधणीचे पान, त्यावर तो तुकतुकीत पदर, आणि टोकाला पानाचीच एक चकती टोपीसारखी चिकटवायची. कसबी कारागीर दिवसाकाठी शंभराच्या आसपास सिगारी वळतो. मोठ्या असल्या तर त्याहून कमी.

हे वाचल्यावर सात हजारांतले थोडे रुपये मी त्या पट्ट्याकडून काढून घेतले आणि मातीला, वेळेला आणि हाताला दिले.

अर्थात पट्ट्यालाही काही द्यावेच लागते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६२ च्या फेब्रुवारीत क्यूबाच्या मालावर बंदी घातली. हुकमावर सही करण्यापूर्वी त्यांनी आपल्या प्रसिद्धी सचिवाला, पिएर सॅलिंजर यांना, स्वतःच्या आवडीच्या क्यूबन सिगारी गोळा करायला पिटाळले. सकाळपर्यंत १२०० सिगारी आल्या आणि मगच सही झाली. ही हकीकत सॅलिंजर यांनीच पुढे सांगितली. जी वस्तू अध्यक्षालाही उद्यापासून मिळणार नाही, तिचा भाव चढणारच. कोहिबाची कथाही तशीच. तिचा जन्म १९६६ चा. प्रथम ती बाजारात येतच नसे. फिडेल कॅस्ट्रो स्वतः ओढत आणि परदेशी पाहुण्यांना भेट देत. १९८२ पासून ती विकू लागले. २०२२ साली कंपनीने जगभर एकच भाव ठेवायचे ठरवले, हाँगकाँगचा चढा भाव प्रमाण धरला, आणि कित्येक देशांत तिची किंमत एका रात्रीत दुप्पट झाली. पान तेच, आंबवणे तेच, बोटे तीच. वाढला तो केवळ आकडा. म्हणजे ट्वेनही अगदीच चुकला नव्हता.

मी भाषेचा माणूस. शेवटी शब्दांकडे वळलोच. 'कोहिबा' हा क्यूबाच्या मूळ रहिवाशांचा शब्द. तंबाखूच्या पानांची जी गुंडाळी ते ओढत, तिचे हे नाव. आपण ज्याला चिरूट म्हणतो तो शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून आला. त्याचाही अर्थ गुंडाळलेले, वळलेले. त्रिचनापल्लीचे चिरूट एके काळी इतके प्रसिद्ध होते की, १८८७ सालच्या आपल्या पहिल्याच कथेत शेरलॉक होम्स नुसत्या राखेवरून ते ओळखतो. आणि आपली विडी? ती विड्याची धाकटी बहीण; दोघांचे मूळ संस्कृत 'वीटिके'त. विडाही पान गुंडाळूनच होतो. तीन टोकांचे तीन शब्द, पण तिघांत काम एकच: पान घ्यायचे आणि वळायचे.

वळायचे. हा शब्द टिपणवहीत लिहिला आणि माझे पेन थांबले.

याच सुमारास आणखी एक गोष्ट वाचनात आली होती. हवानाच्या सिगार कारखान्यांत कामगार रांगेने बसून सिगारी वळतात, आणि त्यांच्यासमोर उंच जागी एक माणूस बसून मोठ्याने वाचत असतो. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. ही प्रथा १८६५ साली एल फिगारो नावाच्या कारखान्यात सुरू झाली. वाचणाऱ्याचा पगार त्या काळी कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. पुढच्याच वर्षी तिथल्या स्पॅनिश गव्हर्नराने या वाचनावर बंदी घातली; हाताने काम करणारी माणसे कानाने शहाणी होतात, हे त्याला परवडणारे नव्हते. पण प्रथा मेली नाही. कामगारांना ड्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' ही कादंबरी इतकी आवडे की, १९३५ मध्ये निघालेल्या मॉन्टेक्रिस्टो या सिगारेला तिचेच नाव मिळाले असे सांगतात.

हे वाचून मी पुस्तक मिटले. बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसलो. कारण वाचकहो, हा वाचणारा माणूस मला माहीत होता. तो मीच होतो.

माझे बालपण सिन्नरला गेले. वडील मी सातवीत असताना गेले. आई विड्या वळत असे. आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरात वळत. रात्री टेंभुर्णीची पाने भिजवून ठेवायची, सकाळी पत्र्याचा साचा धरून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घ्यायचे, पानात चिमूटभर तंबाखू घालायची, बोटांनी वळायची, तोंड दुमडायचे, सुताने बांधायचे. पंचवीस विड्यांचे एक बंडल, चाळीस बंडलांचा हजार. हजार विड्या म्हणजे सकाळपासून दिवे लागेपर्यंतचा दिवस. मधे स्वयंपाक, पाणी आणि आम्ही दोघे भाऊ. संध्याकाळी माल कारखान्यात द्यायचा. तिथे तपासणारा मूठभर विड्या बाजूला काढी. ती 'छाट'. छाटीचे पैसे मिळत नसत आणि विड्याही परत मिळत नसत. संसदेने बिडी आणि सिगार कामगारांसाठी म्हणून एक कायदा केला होता, तोही योगायोगाने कोहिबाच्याच जन्मसालचा, १९६६ चा. त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनी छाट एरवी शेकडा पाचाच्या वर काढू नये असेही घातले होते. पण नियम होता मुंबईत आणि छाट होती आमच्या गावात.

दुपारी चार-पाच बायका आमच्या ओट्यावर सुपे घेऊन जमत. शाळा सकाळची असे, म्हणून मी घरी. कुणीतरी म्हणाले, "नुसता काय बसलास, वाच की काहीतरी." मी वाचू लागलो. पहिल्यांदा जुने पेपर, मग गावच्या वाचनालयातली पुस्तके. समीक्षेचे पहिले धडे मी त्या ओट्यावर गिरवले आणि तिथली कसोटी अगदी काटेकोर होती. 'श्यामची आई' वाचायला घेतली तेव्हा सगळ्या डोळे पुसू लागल्या, आणि संध्याकाळी मोजले तर प्रत्येकीची चार-चार बंडले कमी भरली. आई म्हणाली, "रडवणारं नको रे बाबा. हात थांबतो." उलट बाबुराव अर्नाळकरांची रहस्यकथा लागली की हात असे पळत की सूत पुरत नसे. आमच्या गल्लीचा कारखाना असता तर एखाद्या विडीचे नाव 'काळापहाड' ठेवायला हरकत नव्हती. माझी मजुरीही ठरलेली असे: दिवसाअखेर प्रत्येकीकडून चार-आठ आणे. त्यातून मी वह्या घेत असे. घरात नियम मात्र एकच होता आणि तो आईचा. "वळायची. ओढायची नाही." तंबाखूच्या धुळीने तिला स्वतःला खोकला जडला होता, विडीत काय असते ते तिला डॉक्टरांच्या आधी ठाऊक होते.

हे सगळे मी आज लिहितो आहे, पण वीस-पंचवीस वर्षे मी ते कुणाला सांगितले नव्हते. शाळेत माझ्या वह्यांना तंबाखूचा वास येई आणि शेजारचा मुलगा बाक सोडून उठे. त्या वासाची लाज मी पुण्याला एम. ए. करायला गेलो तेव्हाही बरोबर नेली. वसतिगृहात कुणी विचारले तर मी सांगे, "आई घरीच असते." यात खोटे काहीच नव्हते, आणि खरेही काही नव्हते. लग्नाच्या बोलाचालीतही तेच वाक्य कामी आले. हिला मी पुढे सांगितले. तिच्या माहेरी मात्र कधीच नाही. आईला हे ठाऊक होते. तिने कधी मला त्याबद्दल विचारले नाही.

वैशाखात आई आमच्याकडे नाशिकला राहायला आली होती. एका रविवारी विनायकराव जेवायला आले आणि हात धुताधुताच त्यांनी विचारले, "काय भाऊजी, ओढली की नाही?" मी डबा काढून आणला. त्यांनी नळकांडे उघडून सिगार बाहेर काढली, नाकाशी धरली, समाधानाने मान हलवली.

"बघू," आई म्हणाली.

ती जमिनीवर सतरंजीवर बसली होती. विनायकरावांनी हसून सिगार तिच्या हातात दिली, लहान मुलाच्या हातात घड्याळ द्यावे तशी. आईने ती कानाशी नेली आणि बोटांनी हलकेच दाबली. मग अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग तोंड उजेडाकडे धरून डोळे बारीक केले.

"मधे कुठं गाठ नाही. तोंडपण सुरेख बंद केलंय. हात चांगला आहे बाईचा."

"बाईचा कशावरून?" विनायकराव म्हणाले. पण तिचे बरोबर असण्याचा संभव पुष्कळ होता. कोहिबाचा पहिला कारखाना हवानाजवळच्या एल लागितो नावाच्या हवेलीत निघाला, तेव्हा तिथे वळायला मुद्दाम स्त्रियांनाच शिकवून बसवले होते. विनायकरावांचे लक्ष मात्र दुसरीकडे गेले होते. "आणि तुम्हाला यातलं कसं कळतं, आई?"

आईने माझ्याकडे पाहिले. उत्तर तिला देता आले असते. तिने दिले नाही. इतकी वर्षे तिने माझे एक वाक्य सांभाळले होते, आणि ते मोडायचे तर मीच मोडावे, एवढेच त्या पाहण्यात होते.

"विनायकराव," मी म्हणालो, "माझी आई पस्तीस वर्षं विड्या वळत होती. माझी एम. ए.ची फी त्यातूनच भरलीय."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. विनायकराव काही क्षण तसेच बसून राहिले. मग कोचावरून उठले आणि खाली येऊन सतरंजीवर आईच्या शेजारी बसले. मी या माणसाविषयी मनातल्या मनात आजवर जेवढे विनोद केले होते, ते सगळे मी त्या क्षणी परत घेतले.

आईचे त्याकडे लक्ष नव्हते. "कितीला म्हणालात ही?"

"सात हजार."

आईने तोंडाला पदर लावला नाही, की अगं बाई म्हटले नाही. तिने विचारले, "त्यातले वळणारीला किती मिळतात?"

गेले सहा महिने मी या सिगारेवर वाचत होतो. माती वाचली होती, आंबवणे वाचले होते, अध्यक्षांच्या सह्या वाचल्या होत्या. सहकाऱ्यांशी वाद घातले होते. हा एक प्रश्न मला पडला नव्हता, आणि मी विडीवर वाढलेला मुलगा होतो.

"तिकडे सरकारी कारखाने आहेत, आई," मी म्हणालो. "तिकडच्या नोटांत पगार मिळतो. या सात हजारांशी त्याचा फारसा संबंध नाही."

"म्हणजे आपल्यासारखंच," आई म्हणाली. मग सिगारेकडे पाहत म्हणाली, "सोडून बघू?"

मी विनायकरावांकडे पाहिले. त्यांनी एकदा आवंढा गिळला आणि मान हलवली. आईने पाण्यात बोटे बुडवून ती सिगारेवर फिरवली, ओल्या फडक्यात ती अर्धा तास गुंडाळून ठेवली, आणि मग नखाने टोकाची चकती उचलली. बाहेरचे पान एका पट्टीत अलगद सुटत आले; कुठे फाटले नाही. त्याखालचे बांधणीचे पान, त्याखाली आतली दुमडलेली पाने. तिने ती एकेक करून वर्तमानपत्रावर मांडली, वास घेतला, शिरा बोटांनी चाचपल्या. "चुरा नाही रे कुठं. अख्खी पानं. आम्हाला असा माल कधी मिळाला नाही." तिच्या आवाजात कुठे मत्सर नव्हता. दुसऱ्याचे काम ओळखणारा माणूस ज्या आवाजात बोलतो, तो तो आवाज होता.

मग तिने कणकेची थोडी खळ करून मागितली आणि तिन्ही पदर पुन्हा वळून दाखवले. तिची बोटे आता वाकडी झाली आहेत. सिगार थोडी पोटात फुगली. आईने ती हातभर दूर धरून पाहिली आणि म्हणाली, "छाट."

आम्ही सगळे हसलो. विनायकराव सर्वांत जास्त.

तर सात हजारांची सिगार आपल्या किमतीला उतरते का? मला विचाराल तर त्या किमतीत तीन गोष्टी आहेत. एक त्या धुराची, आणि तिच्याविषयी न बोललेले बरे. सिग्मंड फ्रॉइडला दिवसाकाठी वीस-वीस सिगारी लागत. १९२३ साली त्याच्या जबड्यात कर्करोग निघाला आणि १९३९ मध्ये मरेपर्यंत त्याच्या तोंडावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. धूर क्यूबाचा असो की सिन्नरचा, छातीला त्याचा पट्टा वाचता येत नाही. दुसरी किंमत त्या पट्ट्याची; ती ज्याला मिरवायची हौस आहे त्याने द्यावी. तिसरी हाताची. ती मात्र कितीही दिली तरी थोडीच, आणि नेमकी तीच त्या हातापर्यंत पोहोचत नाही. नाक्यावरच्या टपरीवर विडी आज साधारण रुपयाला एक पडते. म्हणजे या एका सिगारेच्या पैशांत सात हजार विड्या. आईचे सात दिवस, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. हात तोच, पान तसेच, वळणे तेच. पण एका हाताच्या कसबाचा जगभर डंका वाजतो आणि दुसऱ्या हाताच्या वासाची त्याचा स्वतःचा मुलगा लाज बाळगतो. दुकानदाराने लावलेला भाव खोटा असेल. पण मी लावलेला त्याहून खोटा होता.

ती सिगार आता माझ्या कपाटात पुस्तकांशेजारी आहे. पट्टा आईने पुन्हा बसवून दिला आहे, जरा तिरपा. विनायकराव म्हणतात, आता ती ओढायची नाही.

परवा मी घरी आलो तेव्हा आई दिवाळीसाठी कापसाच्या वाती वळत बसली होती. पुढ्यात सूप होते. ते तिने सिन्नरहून आणले आहे. मी कपडे बदलून तिच्याजवळ टेकलो.

"नुसता काय बसलास," आई म्हणाली, "वाच की काहीतरी."

मी कपाटाकडे हात केला.

"रडवणारं नको," ती म्हणाली. "वाती अजून शंभर व्हायच्यात."